दंड न भरलेलं वावर

तलाठी आणि कोतवाल बांधावर आले तेव्हा बानाबाईचा ओटा अर्धाच भरला होता. कमरेला बांधलेलं जुन्या लुगड्याचं फडकं पुढून फुगलं होतं आणि दवानं ओलं होऊन मांड्यांना चिकटत होतं. दव आहे तोवर बोंडाजवळचा वाळका पाला चुरत नाही, कापसात कचरा येत नाही, म्हणून ती फटफटतानाच वावरात उतरायची. बोंडांच्या टोकांनी बोटं चिरली होती. तिनं त्या दोघांकडं एकदा पाहिलं आणि वेचणं चालूच ठेवलं.

कोतवाल सखाराम गावातलाच. त्यानं बाभळीच्या बुंध्याला खळ फासली, कागद चिकटवला, वरून तळहातानं थापटला. तलाठी नवा होता, तरणा. त्यानं मोबाइलवर कागदाचा फोटो काढला, मग बानाबाईचाही काढला.

"काय लावलं रं सखाराम?"

"नोटीस हाय काकू. अतिक्रमण काढायचं म्हनत्यात. समद्या गायरानाला आलीय."

"बद्रीनाथला बी?"

सखाराम हसला. "त्याला कशी येईल? त्याच्या नावचा सातबारा हाय."

"मंग समद्या गायरानाला कुठं आली? आमालाच आली म्हन की."

तलाठी म्हणाला, "आजी, महिनाअखेर रिकामं करून द्या. इथं सोलरच्या प्लेटा बसणार आहेत. लाईट तुम्हालाच मिळणार."

"लाईट लावून काय बघू बाबा? उपटलेल्या पऱ्हाट्या?"

चिखल बुटाला लागू नये म्हणून तलाठी सरींच्या वरंब्यावरून पाय टाकत निघून गेला.

तिचा नवरा त्रिंबक मेंढरं उतारावर सोडून आला. बाभळीसमोर उभा राहून, ओठ हलवत, एकेका अक्षराखाली बोट धरत त्यानं कागद वाचला. अक्षरं तो तिशी उलटल्यावर शिकला होता, मारुतीच्या पारावर, खुद्द तात्यासाहेब वकिलांच्या हाताखाली. त्यामुळं कुठलाही कागद समोर आला की त्याला आधी वकीलच आठवायचे.

"तात्यांना सांगाया पायजे."

बानाबाईनं ओटा सोडून कापूस गोणपाटावर रिता केला. "सांगा की. त्यांच्यामुळंच आलाय कागद."

"तुजं आपलं तेच."

"तेच हाय, म्हनून तेच."

सोनवाकडीच्या गायरानात हे वावर होतं. वावर म्हणायचं ते आता. या दोघांनी धरलं तेव्हा तिथं मुरूम, तरवड आणि साप एवढंच होतं. दरसाल मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदेच्या काठानं हिंडायचं, दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची आणि दुसऱ्याच्याच शिव्या खायच्या, याला दोघंही विटली होती. एक पाय एका जागी रोवावा म्हणून त्यांनी दगड वेचायला घेतले. बानाबाईच्या पोटात पहिलं लेकरू होतं. ते दगड उचलतानाच गेलं.

त्याच सुमाराला तात्यासाहेब वकील पहिल्यांदा सोनवाकडीत आले. पैठणकडच्या बागायतदार घरातला माणूस, अंगात नवा काळा कोट, बुडाखाली राजदूत फटफटी. पक्ष मात्र असा की नाव सांगितलं तर पुढचा दुसऱ्यांदा विचारायचा. भूमी कष्टकरी पक्ष, निशाणी टोपली. सभा संपली की खरीखुरी टोपली हातोहात फिरायची. कुणी भाकरी टाकायचं, कुणी ओंजळभर बाजरी, कुणी नाणं. विरोधक म्हणायचे, टोपली घ्या आणि शेण वेचा. वकील सभेत ते सांगून आधी स्वतःच हसायचे. लोकांना हा माणूस आवडला तो त्यामुळंच.

गायरान कसणाऱ्यांना तहसिलीतून दरसाल दंड यायचा. भरला की पावती मिळायची आणि पुढल्या सुगीपर्यंत कुणी हात लावायचं नाही. वकिलांनी पारावर उभं राहून सांगितलं, "दंड चोराला असतो. आपण कसणारे आहोत. दंड भरला की चोरी कबूल केली." ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. असं त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. बानाबाईनं दंडासाठी कोकरू विकून पदराला गाठ मारून ठेवली होती. त्रिंबकनं सगळ्यांदेखत ती गाठ सोडवून पैसे टोपलीत टाकले. टाळ्या पडल्या. बानाबाई मोकळा पदर हातात धरून घरी आली.

दंड नाकारला म्हणून त्रिंबक हर्सूलच्या तुरुंगात दोनदा जाऊन आला. दुसऱ्या खेपेला इकडं अंगद जन्मला.

त्रिंबकचा चुलतभाऊ बद्रीनाथ त्याच सभेत घोषणा देत होता. पण बाजाराला म्हणून तो पैठणला गेला आणि गुपचूप दंड भरून आला. दरसाल भरत राहिला. कळलं तेव्हा गावानं त्याला विडी पेटवायला काडीसुद्धा दिली नाही. मग पुढं सरकारनं ठरवलं, ज्यांचा कब्जा जुना आहे त्यांची नावं लावायची. कब्जा जुना कशावरून धरायचा? तर दंडाच्या पावतीवरून. बद्रीनाथचं नाव लागलं. ज्यांनी पक्षाचं ऐकलं होतं त्यांच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. वकिलांनी त्यांच्या वतीनं दावा लावला. तो दावा अजून चालू होता. अशील एकेक करून मेले, त्यांची पोरं कंपन्यांत गेली, वावरं पुन्हा तरवडानं भरली. आता कसणारं घर उरलं होतं ते त्रिंबकचं.

शहरात, शहागंजात बांगड्यांच्या एका दुकानावर पक्षाची खोली होती. जिना इतका अरुंद की बानाबाईला आडवं होऊन चढावं लागलं. वर वर्तमानपत्रांचे गठ्ठे, दोरीनं बांधलेले झेंडे, कोपऱ्यात स्टोव्ह. तात्यासाहेब सतरंजीवर बसून चहात पाव बुडवत होते. ऐंशीला टेकलेले, वाळलेल्या शेंगेसारखे. बायको गेल्यापासून ते इथंच राहत. घरची बागायत भावांनी आपसात वाटून घेतली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींचे दावे चालवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या हिश्शाचा दावा लावायला सवड झाली नव्हती.

"ये त्रिंबक. बानाबाई, तुम्ही इथं पहिल्यांदाच."

"पक्षाचं हाफिस म्हंत्यात ते हेच का?"

"हेच. जिल्ह्याचं. आणि खरं सांगायचं तर राज्याचंही."

त्रिंबक हसला. बानाबाई हसली नाही. वकिलांनी नोटीस वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि बानाबाईला दिसलं की म्हाताऱ्याच्या तोंडावर तरतरी आली. आजारी माणसाला बऱ्याच दिवसांनी भूक लागावी तशी.

"स्थगिती मागू," ते म्हणाले. "सोडायचं नाही."

तारीख लागली त्या दिवशी अंगदही आला. तो मुकुंदवाडीला राहायचा आणि कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होता. रजा टाकली की त्या दिवसाची हजेरी बुडायची, म्हणून तो आधीच वैतागलेला होता. कोर्टाच्या खोलीत बानाबाई मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसली. शिपायानं येऊन बोटानं खूण केली, पाय खाली. तिनं खाली घेतले. फरशी गार होती.

न्यायाधीशांनी कागद चाळले. "वकीलसाहेब, कब्जा जुना आहे हे दाखवणारं काही आहे का? दंडाची पावती, पंचनामा?"

"साहेब, माझ्या अशिलांनी दंड तत्त्व म्हणून नाकारला. त्यासाठी तुरुंगवास भोगला. तुरुंगाचा दाखला जोडला आहे."

"तुरुंगात होते हे दिसतं. शेतात होते हे कुठं दिसतं?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. वकील बोलू लागले. जमीन कुणाची, घाम कुणाचा, सरकार कुणाचं. आवाज चढत गेला, उजवा हात वर गेला. बानाबाईला ते भाषण तोंडपाठ होतं. पारावर ऐकलं तेव्हा खाली शेकडो माणसं होती, आता पंख्याखाली वाट पाहत बसलेले पाचसहा वकील होते आणि त्यातला एक मोबाइल बघत होता. न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कायद्यातलं आणखी काही?"

वकिलांचा हात खाली आला. "नाही."

दावा चालू राहील, स्थगिती मिळणार नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर आल्यावर वकिलांना घाईनं लघवीला जावं लागलं. साखरेच्या दुखण्यानं त्यांना धीर धरवत नसे. त्रिंबक त्यांचा कोट आणि पिशवी छातीशी धरून दाराबाहेर उभा राहिला. बराच वेळ झाला तरी ते बाहेर येईनात.

अंगद म्हणाला, "आण्णा, टाका ना ती पिशवी खाली. देवाचा मुकुट हाय का?"

"गप रं."

वकील आले. पँटवर ओला डाग पडला होता, तो त्यांनी कोटानं झाकून घेतला. चहाच्या टपरीवर अंगदनं विचारलंच, "तात्या, राग नका मानू. तुमी येकांदी केस जिंकलाव का कधी?"

"जिंकलो की. मजुरीच्या जिंकल्या, मारहाणीच्या जिंकल्या. तुझ्या वडलांना दुसऱ्यांदा सोडवलं ते मीच."

"जमिनीची?"

वकिलांनी बशीतला चहा फुंकला. "जमिनीची नाही."

"आन् विलेक्शन?"

"पंचायत समितीला एकदा आपला एक माणूस निवडून आला होता. अप्पाराव. हार गळ्यात होता तोवर आपला होता. हार सुकायच्या आत तिकडं गेला."

त्रिंबक हसला, वकीलही हसले. अंगदनं आईकडं पाहिलं. बानाबाई त्या दोघा म्हाताऱ्यांकडं बघत होती. असं खळखळून हसताना तिनं नवऱ्याला घरात फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात वकील एसटीनं सोनवाकडीला उतरले. खांद्याला पिशवी, तिच्यात काळा कोट आणि पक्षाचा झेंडा. फाट्यापासून चालत आले, वाटेत दोनदा बसले.

"तिकीट लागत नाही आता मला," ते त्रिंबकला म्हणाले. "म्हाताऱ्यांना फुकट केलंय. चाळीस वर्षांत सरकारनं माझं एवढंच ऐकलं."

"बाकीची मानसं?" बानाबाईनं विचारलं.

"येतायत. फोन केलेत सगळ्यांना. महिनाअखेरीला सकाळीच पोचतील."

तिनं छपराबाहेर बाज टाकून दिली, पाणी दिलं. संध्याकाळी भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी वाढली. जेवताना वकील म्हणाले, "बानाबाई, तुमच्या हातची भाकरी मी तुरुंगातसुद्धा आठवायचो."

"तुरुंगात तुमी होताव व्हय? मला वाटलं हेच व्हते."

"मीही होतो. पहिल्या खेपेला, वेगळ्या कोठडीत."

"मंग बरं झालं. तुमच्या लेकराचं बारसं कुनी केलं?"

"मला मूल नाही, बानाबाई."

तिला हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं. तिनं आणखी अर्धी भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकली आणि चुलीपुढं जाऊन बसली.

सकाळी अंगद आणि सुनबाई सुकेशनीही वेचायला उतरली. कापूस अजून निम्म्याहून जास्त झाडावर होता. वरच्या फांद्यांची बोंडं नुकती तडकत होती. महिनाअखेर म्हणजे हाताला येण्याआधीच गेल्यासारखी. मजूर मिळत नव्हते, ज्याच्या त्याच्या वावरात वेचणी चालू होती. वकिलांनी कमरेला फडकं बांधून घेतलं आणि एक सरी धरली.

ते वेचत होते ते पाहून सुकेशनीला राहवेना. "तात्या, कापूस येचताव का पाचुळा?"

"दोन्ही येतंय बाई हातात."

"बोंड धरायचं डाव्या हातानं, आन् बोटं आशी घालायची. वढायचं नाय, उचलायचं."

"चाळीस वर्षं कापूस वेचणाऱ्यांवर बोललो," वकील म्हणाले. "बोंड कसं धरतात ते कधी विचारलं नाही."

दुपारपर्यंत त्यांची बोटं रक्ताळली. कापसाचे पांढरे पुंजके तांबूस झाले. तो कापूस वेगळा काढावा लागला. ऊन उतरल्यावर बानाबाई त्यांच्या ढिगाजवळ उकिडवी बसून एकेक पान, एकेक काडी निवडत राहिली. जेवढा वेळ त्यांना वेचायला लागला, तेवढाच तिला निवडायला लागला. पण उद्या येऊ नका असं ती म्हणाली नाही. ढीग थोडा का होईना, वाढला होता.

महिना सरला त्या सकाळी जीप आली. मागून पिवळा जेसीबी, त्याच्यामागं पोलिसांची गाडी. वकिलांनी कोट घातला, गळ्याला पांढरी पट्टी बांधली, झेंडा बाभळीच्या फांदीला अडकवला आणि जेसीबीच्या फावड्यापुढं मांडी घालून बसले. त्रिंबक त्यांच्या शेजारी बसला. वकील सारखे फाट्याकडं पाहत होते. फाट्यावर एक एसटी थांबली, दोन बाया उतरल्या, गावाकडं वळल्या. एसटी निघून गेली. फाटा रिकामा झाला.

एका हवालदारानं त्यांच्या काखेत हात घातले. "बाबा, उठा. खाली वल हाय, गारठा धरंल." त्यानं त्यांना उचललं ते भाऱ्यासारखं, जरा जपूनच, आणि बांधावर नेऊन ठेवलं. धक्काबुक्की नाही, आरडाओरड नाही. वकील परत येऊन बसले. हवालदारानं परत उचललं. तिसऱ्यांदा उठताना त्यांचा पाय वळला आणि ते बांधावरच बसून राहिले.

जीपमधून नायब तहसीलदार मेघा मॅडम उतरल्या. अंगदच्याच वयाच्या. त्यांनी वाकून विचारलं, "सर, लागलं का? मी कॉलेजात असताना तुमचं भाषण ऐकलं होतं."

"मग आज काय करताय?"

"नोकरी." त्या जरा थांबल्या. "सर, पीक उभं आहे ते मलाही दिसतंय. तुम्ही लिहून द्या, अतिक्रमण केलं होतं, स्वखुशीनं काढून घेतो. मी मशीन परत पाठवते. कापूस निघेपर्यंत कुणी येणार नाही, ही माझी जबाबदारी. नाहीतर मला मशीन आजच आत घालावं लागेल."

"लिहून देणार नाही," वकील म्हणाले. "लिहून दिलं की आमचा दावाच संपला."

"न्हाय देनार," त्रिंबक म्हणाला.

चालकानं इंजिन चालू केलं. फावडं वर उचललं गेलं आणि पहिल्या सरीवर येऊन थांबलं. त्या सरीत बोंडं नुकती फुटली होती.

बानाबाई ओटा बांधलेला तसाच घेऊन पुढं आली. "तात्या, लिवा."

"बानाबाई, ऐका. आज लिहून दिलं तर पुढं कुठल्याच कोर्टात उभं राहता येणार नाही. सगळ्यांचा मिळून दावा आहे तो. जे मेले त्यांचाही आहे."

"दावा तुमचा हाय. कापूस माजा हाय."

"मी हयात असेपर्यंत..."

"तुमच्या हयातीचं काय करू मी? हितं माजं लेकरू गेलं. ह्यो मानूस जेलात गेला. म्या येका शब्दानं बोलले का? आज बोलते. लिवा."

"मी लिहीन. सही त्रिंबकची लागेल."

सगळ्यांनी त्रिंबककडं पाहिलं. त्रिंबक बायकोकडं पाहत नव्हता. तो वकिलांकडं पाहत होता, पारावर पाहायचा तसाच. मान किंचित वर, शब्दाची वाट बघत.

बानाबाईचा आवाज खाली आला. "त्यानला तुमीच सांगा, तात्या. माजं त्यांनी कधी ऐकलं न्हाय. तुमचं ऐकत्यात."

इंजिन धडधडत होतं. वकिलांनी पिशवी जवळ ओढली, कोरा कागद काढला, मांडीवर पिशवी सपाट करून लिहू लागले. अक्षर वळणदार होतं. लिहून झाल्यावर मॅडमनी कागद वाचला.

"सर, तुम्ही 'जमीन कसणारे' लिहिलंय. 'अतिक्रमणधारक' असं लिहावं लागेल. वर चालणार नाही."

वकिलांनी कागद परत घेतला. एक रेघ ओढून शब्द खोडला आणि त्याच्यावर बारीक अक्षरात दुसरा लिहिला. मग म्हणाले, "त्रिंबक, सही कर."

"तात्या?"

"कर सही."

जीपच्या बोनेटवर कागद ठेवून त्रिंबकनं सही केली. एकेक अक्षर थांबून, दाबून. काना वर गेला, वेलांटी वाकडी आली. वकिलांनी शिकवलेल्या अक्षरांत त्यानं आपलं आणि बापाचं पूर्ण नाव लिहिलं. मग पेन टोपण लावून वकिलांना परत दिलं आणि मेंढरांकडं निघून गेला.

मॅडमनी शब्द पाळला. मशीन गेलं. झेंडा बाभळीवर तसाच लोंबत राहिला. तो काढायचं कुणाला सुचलं नाही.

मग फक्त वेचणं राहिलं. अंगदनं रजा वाढवली नाही, सरळ कामावर गेलाच नाही. पहाटे धुकं असायचं, बोटं वळत नसायची, बानाबाई चुलीच्या राखेत हात घालून ऊब घ्यायची आणि वावरात उतरायची. फुटलेलं संपलं तसं अर्धं फुटलेलं घेतलं, मग न उमललेल्या बोंडांच्या कैऱ्याही तोडल्या आणि छपरावर वाळत घातल्या. फुटल्या तर फुटल्या. बद्रीनाथनं न सांगता बैलगाडी पाठवली आणि मागून स्वतः आला.

"वैनी, हाळी घातली आसती तर आदीच आलो आस्तो."

"तुला कुठल्या तोंडानं हाळी घालावी?"

"मला तवा गद्दार म्हनलाव, ते तोंड व्हतंच की." तो हसत म्हणाला. पण वकिलांकडं नजर जाताच त्यानं टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. वकिलांनी मान हलवली. ते त्यांच्या सरीत खाली बसून वेचत होते. पाय सुजल्यापासून त्यांना उभं राहवत नव्हतं, ते ढुंगणावर सरकत पुढं जायचे. गावातून येणारेजाणारे बांधावर थांबून बघायचे. पूर्वी त्यांना हार घातलेलाही एकजण होता त्यांत. शहरातून त्यांना एक फोन आला, कुठल्याशा गावच्या मजुरांची तारीख होती. त्यांनी सांगितलं, दुसरा कोणी बघा.

शेवटची गाडी भरून गेली त्या दुपारी वावरात नुसत्या पऱ्हाट्या उरल्या. हिरवी पानं अजून होती. शेंड्याला फुलं होती, पिवळी, उद्या लाल होणारी. बानाबाई चारी बाजूंनी फिरली. मग तिनं कुऱ्हाड घेतली आणि बोराटीचं कुंपण मोडायला सुरुवात केली.

"कामून मोडती?" त्रिंबकनं विचारलं.

"गायरान हाय ना? सरकारनंच म्हनलंय. मंग चरू द्या."

तिनं अंगदला गावात पाठवलं, ज्याची त्याची जनावरं घेऊन या म्हणावं. वकील लंगडत आले आणि बोराट्या ओढू लागले. काटे तळहातात घुसत होते. ते निवडून काढत आणि पुढची फांटी ओढत. कुंपण मोडून रान उघडं झालं तेव्हा बानाबाईनं जिभेनं टचटच केलं आणि आपली मेंढरं आत घातली.

मेंढरं आधी बिचकली. या वावरातून त्यांना जन्मभर दगड मारून हाकललं होतं. मग पुढच्या मेंढीनं एक पान तोडलं, आणि सगळा कळप कपाशीत घुसला. मागून गावातल्या शेळ्या आल्या, म्हशी आल्या. फुलं, पानं, कोवळे शेंडे खाण्याचा कचकच आवाज सगळ्या रानात पसरला. त्रिंबक पाठ करून बांधाच्या दगडावर बसला होता. त्याचे खांदे हलत होते. बानाबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिकडं गेली नाही.

पूर्वेच्या बाजूला बद्रीनाथचं वावर होतं. गहू बोटभर उगवला होता, हिरवागार, आणि मधलं कुंपण आता राहिलं नव्हतं. बानाबाईनं आपली काठी वकिलांच्या हातात दिली आणि दंडाला धरून त्यांना त्या बांधावर नेऊन उभं केलं.

"हितं उभं ऱ्हावा, तात्या. तिकडं जाऊ देऊ नका. ते त्याच्या नावावर हाय."

वकील उभे राहिले. अंगात काळा कोट होता, गारठा होता म्हणून घातलेला. एक मेंढी गव्हाकडं वळली. त्यांनी काठी आडवी धरली. ती वळसा घालून दुसरीकडून निघाली. ते सुजलेला पाय ओढत तिकडं गेले. तोवर आणखी दोन निघाल्या. हाकायचा आवाज त्यांना काढता येत नव्हता. ते नुसतेच हात हलवत, "मागं, मागं" म्हणत, बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले.